बाई जहाजाकडे गेल्या

सोनकांबळे बाईंचा नव्या माणसाला पहिला प्रश्न ठरलेला असे. गाव कुठलं, पाव्हणे कोण, लेकरं किती, असं आमच्या उदगिरात विचारतात. बाई त्या भानगडीत पडत नसत. शाळेत नवा मास्तर रुजू झाला, की हाताचा खडू झटकत त्या म्हणायच्या, "तुम्हाला पोहता येतं का?"

माणूस गांगरून जायचा. उदगिरात पोहायचं कुठं? इथं नळाला पाणी येणार असलं तर आदल्या दिवशी गल्लीत दवंडी पिटल्यासारखी बातमी फिरते, आणि त्या दिवशी लग्नाची तारीखसुद्धा लोक पुढं ढकलतात. मी शाळेत लागले तेव्हा मलाही विचारलं. मी गणिताची, तोंडानं फटकळ. म्हणलं, "मला येतं का नाही, तुम्हाला काय करायचंय?" तर शांतपणे म्हणाल्या, "काई न्हाई. कुणाला येतंय ते ठाऊक असलेलं बरं असतंय." आणि तासावर निघून गेल्या. मला वाटलं, बाई जरा सटक दिसते. पुढं जन्मभराची नोकरी आम्ही एकाच स्टाफरूममध्ये खुर्चीला खुर्ची लावून केली, आणि सटक कोण होतं ते मला हळूहळू कळत गेलं.

नाव पंचशीला. विषय भूगोल. बुटक्या, काळ्यासावळ्या, कडक इस्त्रीची सुती साडी, केसांचा घट्ट अंबाडा. वर्गात पुस्तकातलं मराठी बोलायच्या आणि वर्गाचा उंबरा ओलांडला की मुखेडकडचं. पोरांना दोन्ही बाया वेगळ्या वाटायच्या. महाराष्ट्राचा नकाशा फळ्यावर न बघता काढायच्या, खडू एकदाही न उचलता, आणि काढून झाला की म्हणायच्या, "आता यात आपण कुठे आहोत ते बोट लावून दाखवा." नवीन पोरं हमखास समुद्रावर बोट लावायची. बाई हसायच्या नाहीत. म्हणायच्या, "तिकडे जायचंय, पण आज नाही."

कुणाच्या घरी त्या पाणी पीत नसत. हळदीकुंकवाला नव्हे, पण नोकरीच्या नात्यानं बारशाला, आजाऱ्याला भेटायला येणं व्हायचं. दारातच म्हणायच्या, "तहान न्हाई मला." समोरच्यानं विचारायच्या आत. समोरच्याची पंचाईत त्या अशी वाचवायच्या, आणि समोरचा खुशाल समजायचा की या बाईला तहान लागतच नाही. आमच्या घरीही तेच. आम्ही लिंगायत, दुकानदार माणसं, देवघरात पिंडीवर रोज तांब्याभर पाणी. माझी सासू बाई गेल्यावर म्हणायची, "शहाणी हाय ती, समजून वागते." कोण शहाणं आणि कुणी समजून घ्यायला हवं होतं, हे सासूला सांगण्यात अर्थ नव्हता. मी सांगायचे, आणि मग दोन दिवस आमच्या घरात कुणी कुणाशी बोलायचं नाही.

उदगीर जिल्हा होणार, ही आमच्या गावाची जुनी आशा आहे. लातूरचा जिल्हा झाला तेव्हापासून आम्ही रांगेत उभे आहोत. दर पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला बातमी उठते, प्लॉटवाले पेढे वाटतात, आणि संध्याकाळी सगळे गप्प. एका वर्षी बातमी जरा जास्तच पक्की निघाली. आमच्या हेडमास्तरांनी ठरवलं, की शाळेच्या दर्शनी भिंतीवर महाराष्ट्राचा नवा नकाशा रंगवायचा आणि त्यात उदगीर जिल्हा वेगळ्या रंगात दाखवायचा. मंत्री झेंडावंदनाला येणार, बघतील, खूश होतील. काम साहजिकच भूगोलाच्या बाईंकडं आलं.

बाई म्हणाल्या, "सर, जिल्हा झाला की रंगवते."

"अहो होणारच आहे बाई, फक्त जाहीर व्हायचाय."

"मग फक्त जाहीर होऊ द्या."

हेडमास्तर चिडले. चित्रकलेच्या सरांकडून नकाशा रंगवून घेतला, उदगीर पिवळंधमक. मंत्री आले, झेंडा लावला, नकाशाकडं पाठ करून भाषण केलं आणि चहा न घेता गेले. जिल्ह्याचं अवाक्षर नाही. आठवडाभर पोरं त्या पिवळ्या जिल्ह्याला हसत होती. शेवटी चुना मारून तो झाकायचा ठरला, तर चुना कालवायला पाणी नाही. टँकर आला तेव्हा कुठं आमचा जिल्हा पुसला गेला. हेडमास्तर हे कधी विसरले नाहीत. पिवळा रंग दुसऱ्यानं लावला, पण राग बाईंवर राहिला.

पोहण्याचं काय खूळ आहे, हे मी एकदा चिडूनच विचारलं. ऑफ तास होता, स्टाफरूममध्ये दोघीच होतो. बाई वह्या तपासत होत्या. पेन खाली न ठेवता सांगितलं त्यांनी.

"माझा थोरला भाऊ हुता. दादा. मी लहान हुते, दुष्काळ हुता. गावच्या इहिरीवर आमाला चढू देत नव्हते. आमच्याकडचं पाणी आटलं, मग दादा दुपारच्याला, माणसं नसताना, गुपचूप घागर घेऊन गेला. पाय घसरला. आवाज ऐकून माणसं जमली. पवणारी माणसं हुती त्यात, रोज तितंच उड्या मारणारी. काठावरून इचारलं, कुणाचं लेकरू हाय. कळल्यावर कुणी उतरलं न्हाई."

त्यांनी एक वही संपवून दुसरी घेतली.

"आन् दुसऱ्या दिवशी इहीर बाटली म्हणून सगळं पाणी उपसून रानात सोडून दिलं. दुष्काळात. अख्ख्या गावाचं पाणी. माय आमची तेच म्हणून म्हणून रडायची, की एवढं पाणी फेकलं, त्यातलं घागरभर आधी दिलं असतं तर."

मग म्हणाल्या, "मला एकदा पाण्याचा तळ बगायचाय बिरादार बाई. दादा तितं एकटा हुता."

आमच्या माहेरच्या विहिरीवरही पोहणारी माणसं होतीच की.

चाळिशी उलटल्यावर बाई पोहायला शिकल्या. उन्हाळ्याच्या सुट्टीत नांदेडला बहिणीकडं राहायच्या आणि सकाळी बायकांच्या वेळेत तलावावर जायच्या. बहीण म्हणायची, "अक्का, लोकं हसून राहिलेत." बाई म्हणायच्या, "हसू दे, त्येनला पवता येतंय." दोन-तीन उन्हाळ्यांत त्या तलाव या टोकापासून त्या टोकापर्यंत न थांबता कापायला लागल्या. मग पुढं काय? आमच्याकडचे तलाव आटत चालले होते. बाई नुसत्या पोहणाऱ्या होऊन बसल्या, पाण्याशिवाय.

घरी मुलगा सुमेध. नवरा लवकर गेला, पोरगं बाईंनी एकटीनं वाढवलं. हुशार होतं, खोटं कशाला बोलू. पुण्याला स्पर्धा परीक्षेला पाठवलं. एक-एक गुणानं, दोन-दोन गुणानं हुकत राहिलं. कधी जाहिरातच निघेना, कधी निघाली तर परीक्षा पुढं ढकलली. पोरगं तिशीला टेकलं तसं परत आलं आणि खोलीचं दार लावून बसायला लागलं. बाई त्याला काही बोलत नसत. त्याच्या ताटात जास्तीची भाकरी वाढत आणि दार ओढून घेत. मी म्हणायचे, "बाई, जरा दटावा." म्हणायच्या, "त्येला काय म्हणू. त्यानं केलं की सगळं. जागाच न्हाईत." जागा हा शब्द आमच्याकडं फार चालतो. नोकरीची जागा, प्लॉटची जागा. माणसं मरतात ती सुद्धा आमच्याकडं जागा सोडून जातात.

लातूरला रेल्वेनं पाणी आणायची वेळ आली, त्याच्या आधीची दिवाळी. लातूरच्या एका सहलवाल्यानं शिक्षकांची अंदमान सहल काढली. तिथला तुरुंग बघायचा, फोटो काढायचे, यायचं. बाईंनी नाव दिलं. त्यांनी कुठून तरी चौकशी केली होती, की तिथं समुद्राच्या तळाशी एक बुडालेलं जहाज आहे, फार खोल नाही, आणि शिकवणारा माणूस सोबत घेऊन आपल्याला तिथवर जाता येतं. हे त्या स्टाफरूममध्ये बोलल्या. बोलायला नको होतं. चित्रकलेचे सर म्हणाले, "इथं घागरीला पाणी न्हाई, आन् बाई समुद्रात बुड्या मारायला चालल्या." हेडमास्तर म्हणाले, "या वयात?" एका बाईनं तर तोंडावर विचारलं, "अंगात काय घालणार मग तिथं?" सुमेधही म्हणाला, "आई, गावात काय तोंड दाखवू मी?" बाई त्याला म्हणाल्या, "दार उघडून दाखव की, कुटलं बी तोंड." माझ्या माहितीत त्यांनी पोराला लावलेला तेवढाच एक टोमणा.

मी सहलीला गेले नाही, सासू अंथरुणावर होती. आता तिकडं काय झालं ते आधी सांगते, म्हणजे इकडचा तमाशा नीट कळेल.

पहिल्या दिवशी बाई पाण्यात उतरल्या. पाठीवर हवेची टाकी, तोंडात नळी, हात शिकवणाऱ्याच्या हातात. जहाज दिसायला लागलं न लागलं तोच त्यानं हातानं विचारलं, ठीक आहे ना? आणि बाईंनी अंगठा वर केला. आपल्याकडं अंगठा म्हणजे लई भारी. पाण्याखालच्या माणसांत अंगठा म्हणजे मला वर न्या. ठीक आहे म्हणायला बोटाचं कडं करून दाखवायचं असतं, तसं आधी सांगितलंही होतं, पण आनंदात माणूस आपल्या गावचंच बोलतो. त्या बिचाऱ्यानं बाईंना सरळ वर आणलं. बाई वर येऊन त्याच्याशी मराठीतून भांडल्या. तो कुठल्या मुलखाचा होता कोण जाणे, त्याला भांडण तेवढं कळलं. म्हणाला, आज वेळ संपली, उद्या नेतो.

दुसऱ्या दिवशी सहल पुढच्या बेटावर निघाली होती. बाई सहलीच्या मॅनेजरला म्हणाल्या, तुम्ही व्हा पुढं, मी संध्याकाळच्या बोटीनं येते. सहल पुढं गेली, बाई मागं राहिल्या. दुपारी वारं सुटलं, बोटी बंद, फोन बंद. मॅनेजर घाबरला. तिसऱ्या दिवशी सकाळी कसाबसा फोन लागला तेव्हा त्यानं बाईंच्या घरी कळवलं. त्याचं म्हणणं एवढंच होतं, की बाई सध्या आमच्यात नाहीत, त्या बुडालेल्या जहाजाकडे गेल्या आहेत, काळजी करू नका. फोन तुटत होता. सुमेधला ऐकू आलं ते असं: बाई आमच्यात नाहीत. बुडालेल्या. गेल्या.

यात एक शब्द खोटा नाही. सगळे शब्द मॅनेजरच्याच तोंडचे. आपल्या भाषेत माणूस बाजारात जातो तेव्हाही जातो आणि मरतो तेव्हाही जातोच, त्याला मॅनेजर काय करणार. सुमेधनं उलट फोन लावला, लागला नाही. तासभर लावत राहिला. मग गल्लीत ओरडला.

सुट्टी संपून शाळा त्याच दिवशी उघडली होती, बाई रजेवर होत्या. हेडमास्तरांनी पोरांना मैदानात बसवलं. श्रद्धांजली झाली. पावसाअभावी पोळलेल्या त्या मैदानावर चित्रकलेचे सर बाईंच्या कर्तव्यनिष्ठेवर बोलले, अन् त्यांचा आवाज भरून आला. दोन मिनिटं शांतता. मग शाळा सोडली. पोरं दप्तरं उडवत पळाली, पोरांचं काय चुकलं. चार-दोन मुली मात्र भूगोलाच्या वर्गाच्या दारात बसून रडत होत्या, त्यांना शिपायानं हाकललं. दुपारपर्यंत चौकात फ्लेक्स लागला. बाईंचा ओळखपत्रावरचा फोटो मध्ये, आणि वर पाच पुढाऱ्यांचे त्याच्यापेक्षा मोठे. पंचशीलातला शी ऱ्हस्व छापलेला.

मी स्टाफरूममध्ये बसले होते. उठवत नव्हतं. बाईंची खुर्ची माझ्या शेजारी, तिच्या पाठीवर त्यांची शाल होती. संस्थेच्या सचिवाचा माणूस आला. आमची शाळा खाजगी, अनुदानाची. जागा रिकामी झाली की ती कुणी भरायची यावर अशा शाळांचं निम्मं राजकारण चालतं. तो हेडमास्तरांना हळू आवाजात म्हणाला, "साहेबांचा पुतण्या भूगोलातच एम. ए. हाय. ठराव लवकर घेऊ." मृतदेह समुद्रात, आणि ठराव इथं. मी म्हणलं, "जरा थांबा की. निदान सुतक तरी पाळा." तो म्हणाला, "बाई, जागा लॅप्स हून जाईल."

तेवढ्यात सुमेध आला. डोळे सुजलेले, शर्टाची बटणं वरखाली. हेडमास्तरांनी त्याला पाणी दिलं. तो पाणी पिता पिता हमसून हमसून रडायला लागला. मीही रडत होते. पाठीवरून हात फिरवत हेडमास्तर म्हणाले, "काही लागलं तर सांग बाळा." आणि सुमेधनं तसंच रडत रडत, नाक पुसत विचारलं, "सर, अनुकंपाचं कसं असतंय?"

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. नोकरीत असताना माणूस गेला, तर त्याच्या वारसाला नोकरी मिळू शकते. त्याला अनुकंपा म्हणतात. शब्द फार सुंदर आहे.

सचिवाचा माणूस सावध झाला. म्हणाला, "ते शिक्षकाच्या जागेवर बसत न्हाई, भाऊ. कारकुनाचं बघू फुडं-मागं." सुमेध म्हणाला, "माझं बी. एड. हाय. जागा आईची हाय." तो म्हणाला, "जागा संस्थेची असतीय." आवाज चढले. चहा आला. चहा पीत पीत माझ्या मैत्रिणीच्या जागेवरून दोघं भांडत होते, आणि ती जागा, ती खुर्ची, माझ्या शेजारी शाल पांघरून उभी होती. एवढा संताप मला आयुष्यात कधी आला नाही. मी उठले, दोघांना काय काय बोलणार होते ते तोंडाशी आलं होतं.

टेबलावर सुमेधचा फोन वाजला. सगळ्यांनी बघितलं. पडद्यावर नाव आलं होतं: आई.

कुणी हललं नाही. हेडमास्तर कुजबुजले, "सापडला असेल फोन कुणाला तरी." सुमेधनं हात पुढं केला, मागं घेतला, मग उचलला. खोलीत इतकी शांतता होती, की पलीकडचा आवाज आम्हाला ऐकू आला.

"सुमेध, कवाचा फोन लावून राहिले मी. जेवलास का?"

पलीकडून बाई हॅलो हॅलो करत होत्या. मग त्यानं विचारलं, "आई, तू हायस?"

"हाय की. का रे?"

तो खाली बसला आणि पुन्हा रडायला लागला, आधीपेक्षा मोठ्यानं. ते कशाचं रडणं होतं, ते मी आजही सांगू शकत नाही. तोंड सगळं पोरासारखं झालं होतं. सचिवाच्या माणसानं कप ठेवला, आणि म्हणाला, "बरं झालं, देवाची कृपा," आणि त्याचा चेहरा बस चुकल्यासारखा पडला होता. हेडमास्तर तर मला विचारायला लागले, "आता श्रद्धांजलीचं काय करायचं? सोडलेल्या शाळेचा दिवस कशात दाखवायचा?" मी म्हणलं, "बाईंनाच विचारा आल्यावर."

बाई आल्या. फ्लेक्स काढायचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. रिक्षावाल्यानं चौकात रिक्षा थांबवली, एकदा वर बघितलं, एकदा मागं. बाई म्हणाल्या, "शी दीर्घ पाहिजे." एवढंच. दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला वर्गावर होत्या. उन्हानं रापल्या होत्या, नाकाची साल निघत होती. स्टाफरूममध्ये सगळ्यांनी हसून घेतलं, आयुष्य वाढलं म्हणाले, पेढे मागितले. जहाजाचं कुणी विचारलं नाही. एवढ्या लांब जाऊन, या वयात, या बाईनं काय बघितलं, हे त्या अख्ख्या शाळेत कुणालाही जाणून घ्यावंसं वाटलं नाही.

मी विचारलं. डबा खाऊन झाल्यावर, चिंचेखाली.

"पाणी कोमट हुतं," त्या म्हणाल्या. "आंघोळीला काढल्यावानी. दोराला धरून उतरायचं. कान दुखतात, मग नाक दाबून हवा सोडायची, की कान फटकन मोकळे. आन् मग जहाज. आडवं पडलेलं, एका कुशीवर. त्याच्या खिडक्या हायत, त्यातून मासे आत-बाहेर करून राहिलेत. जिना हाय, पण आडवा, कुणी चढायचा नव्हंच तो. लोखंडाला हात लावला तर मऊ लागलं, शेवाळ चढलेलं. मी घाबरेन असं वाटलं हुतं. न्हाई घाबरले. मग त्या माणसाला खुणावलं, आनखी खाली. तळाला वाळू हुती. तळाला हात लावला."

डब्याचं झाकण लावलं त्यांनी.

"दादा घाबरला असंल तर वरच घाबरला असंल, बिरादार बाई. काठावर माणसं दिसत हुती ना त्येला. खाली गेल्यावर भ्या न्हाई. खाली कुणी न्हाईच."

मी त्यांचा हात धरला. तेवढं माझ्याच्यानं झालं.

गावाला तोंड असतं. आठवड्याच्या आत कुणीतरी त्यांना सगळं सांगितलं. साहेबांच्या पुतण्याचं, ठरावाचं, आणि सुमेधचंही. सांगणाऱ्यानं बाईंच्या भल्यासाठीच सांगितलं असणार, सगळे भल्यासाठीच सांगतात. बाई दोन दिवस शाळेत कुणाशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मला थांबवलं. त्यांचा चेहरा मी असा कधी बघितला नव्हता, परीक्षेचा निकाल ऐकायला आलेल्या पोरीसारखा.

"तुमी हुता तितं. एकच सांगा. आधी रडला का आधी इचारलं?"

मला कळत होतं, ही बाई काय मागतेय. ती घरी जाऊन ज्याच्या ताटात भाकरी वाढणार होती, तो तिचा कोण, एवढं तिला माझ्याकडून हवं होतं. आधी रडला म्हणाले असते, तर बाई तेवढ्यावर जगल्या असत्या. पण माझ्या तोंडाला अर्धं खरं बोलायची सवय नाही, आणि बाईंसमोर तर नाहीच. आणि पुरतं खरं असं होतं, की रडणं आधीचं असलं तरी विचारताना ते थांबलं नव्हतं.

म्हणलं, "बाई, रडत रडत विचारलं."

त्यांनी मैदानाकडं बघितलं. मग म्हणाल्या, "बरं." पर्स उचलली. "वाईट न्हाई तो. वय निगून चाललंय त्याचं." आणि गेल्या. मला वाटलं होतं त्या चिडतील, रडतील, पोराला घराबाहेर काढतील. काही नाही. दुसऱ्या दिवशी पोरांनी नकाशात आपलं गाव कुठं ते बोट लावून दाखवलं, नेहमीसारखं.

मात्र एक झालं. नव्या मास्तराला पोहण्याचं विचारणं त्यांनी सोडून दिलं. पुढं नांदेडलाही गेल्या नाहीत. मी एकदा म्हणलं, "बाई, पुन्हा जाऊ की समुद्रावर. आता मीही येते, सासू गेली माझी." म्हणाल्या, "नको. पुन्यांदा फोन लागला न्हाई, तर बिचाऱ्याचा जीव टांगणीला लागंल." हे टोमण्यानं म्हणाल्या का काळजीनं, ते मी विचारलं नाही. मला भीती वाटली, की दोन्ही असेल.

रीतसर निवृत्त झाल्या. निरोपसमारंभात हेडमास्तरांनी श्रद्धांजलीतलंच भाषण पुन्हा केलं, क्रियापदं तेवढी बदलून. जागेवर साहेबांचा पुतण्या आला. सुमेधचं वय गेलं. त्यानं चौकात झेरॉक्सचं दुकान टाकलं, ते धड चालत नाही, धड बंद होत नाही. मायलेक एकाच घरात राहतात. भांडण नाही. तो भाजी आणतो, त्या स्वयंपाक करतात. दोघांत बोलायला काही राहिलं नाही, कारण जे बोलायला हवं ते दोघांनाही ठाऊक आहे. कुणी कुणाला माफ केलं नाही, आणि कुणी कुणाला सोडूनही दिलं नाही.

गेल्या नोव्हेंबरात मी त्यांच्याकडं गेले होते. बाई ओट्यावर तूर निवडत बसल्या होत्या. केस सगळे पांढरे, इस्त्री मात्र तीच. मी म्हणलं, "बाई, पाणी द्या जरा," आणि त्यांनी आतून तांब्या आणून दिला. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या. तेवढ्यात आत सुमेधचा फोन वाजला. बँकेतून होता. आम्हा पेन्शनवाल्यांना दर नोव्हेंबरात जाऊन सांगावं लागतं, की आम्ही हयात आहोत. नाही गेलं तर पेन्शन थांबते. बाईंचं तोवर राहून गेलं होतं, आणि बँकेत नंबर सुमेधचा दिलेला. पलीकडच्यानं काय विचारलं असेल ते उघड होतं. खिडकी उघडी होती.

तो म्हणाला, "हाव. हायती अजून."

आवाजात राग नव्हता. काहीच नव्हतं. दुकानात साखर आहे का म्हणून कुणी विचारावं, तसं सांगितलं त्यानं.

बाईंचा हात तुरीत थांबला. माझ्याकडं बघितलं नाही त्यांनी. मग सूप बाजूला सारलं, गुडघ्याला हात लावून उठल्या, पदर खोचला होता तो सोडून नीट केला आणि चपला पायात घालायला लागल्या.

"कुठं निघालात या उन्हात?" मी म्हणलं.

"सांगून येते त्येनला," बाई म्हणाल्या.

मोटारसायकल दारातच उभी होती. सोडतो म्हणून सुमेध बाहेर आला नाही, आणि बाईंनी त्याला हाक मारली नाही.